तीनशेला भागा : रेडिओचे मीटर, मेगाहर्ट्झ आणि हातातला टेप

आमच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या काचेच्या डायलवर किलोहर्ट्झ कुठेच नव्हते. मीडियम वेव्हच्या पट्टीवर २०० ते ५५०, शॉर्टवेव्हच्या पट्टीवर १६, १९, २५, ३१, ४१ असे आकडे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मीटर’. निवेदक मात्र दोन्ही सांगायचे, अमुक मीटर अर्थात अमुक किलोहर्ट्झ. लहानपणी माझी पक्की समजूत होती की मीटर म्हणजे स्टेशन आपल्यापासून किती लांब आहे ते. रेडिओ सिलोन २५ मीटरवर, म्हणजे गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपाशी कुठेतरी.

तो मीटर अंतराचा नाही, लहरीच्या लांबीचा आहे. हे कळायला मला आठवी उजाडावी लागली आणि त्याचा उपयोग कळायला आणखी दहा वर्षं. आता अँटेनाची तार कापताना, केबल निवडताना, अगदी वायफायचा राउटर कुठे ठेवायचा हे ठरवतानासुद्धा मी आधी फ्रिक्वेन्सीची, म्हणजे सेकंदाला किती लहरी या आकड्याची, लांबी करून घेतो. ७.१ मेगाहर्ट्झ हा नुसता आकडा आहे. ४२ मीटर म्हटलं की आमच्या सोसायटीची गच्ची पुरेल की नाही ते लगेच दिसतं.

आधी एकच भागाकार

आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे. म्हणजे तिथल्या मनोऱ्यातून सेकंदाला ७ लाख ९२ हजार लहरी बाहेर पडतात. पहिली लहर त्या सेकंदात साधारण ३ लाख किलोमीटर पुढे गेलेली असते, कारण रेडिओलहरींचा वेग प्रकाशाइतकाच. आता त्या ३ लाख किलोमीटरच्या रस्त्यावर ७ लाख ९२ हजार लहरी एकीला एक लागून उभ्या आहेत असं समजा. एकीच्या वाट्याला किती रस्ता आला? ३,००,००० भागिले ७९२, म्हणजे ३७८.८ मीटर.

एवढंच गणित आहे. फक्त फ्रिक्वेन्सी कशात दिली आहे त्यावर वरचा आकडा बदलतो. किलोहर्ट्झ असेल तर ३,००,००० ला भागा, उत्तर मीटरमध्ये. मेगाहर्ट्झ असेल तर ३०० ला भागा, उत्तर मीटरमध्येच. गिगाहर्ट्झ असेल तर ३० ला भागा, पण उत्तर सेंटिमीटरमध्ये. उलट जायचं तरी भागाकार तोच : ३०० ला मीटरने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात. ९८.३ मेगाहर्ट्झची लहर ३.०५ मीटर, आणि ३०० ला ३.०५ ने भागलं की पुन्हा ९८.३ च्या आसपास येता.

प्रकाशाचा खरा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. काटेकोर धरला तर पुण्याची लहर ३७८.५ मीटर भरते. पावणेचारशे मीटरमध्ये वीतभर फरक. ज्याला त्याची फिकीर असेल त्याने ३०० ऐवजी २९९.८ घ्यावेत. मी घेत नाही, कारण तार कापताना झाडाच्या फांदीमुळे आणि गच्चीच्या उंचीमुळे याच्या कितीतरी पट चूक होतेच.

चूक होते ती दशांशचिन्हाची. त्यासाठी एक शिडी पाठ ठेवा : १ मेगाहर्ट्झ म्हणजे ३०० मीटर, १० म्हणजे ३०, १०० म्हणजे ३ मीटर, १००० म्हणजे ३० सेंटिमीटर. फ्रिक्वेन्सी दहापट वर गेली की लांबी दहापट खाली. एफएमच्या लहरीची लांबी तुमच्या हिशोबात ३० मीटर आली तर शून्य कुठेतरी घसरलं आहे. पुन्हा भागा.

नवाचा ताळा

जुन्या रेडिओच्या डायलवर किंवा जुन्या कार्यक्रमपत्रिकेत फक्त मीटर दिलेले असतात आणि तुमच्याकडच्या डिजिटल सेटला किलोहर्ट्झ हवे असतात. समजा ३७९ मीटर लिहिलंय. भागाकार करून ७९१.५६ येतं. मग ७९१ लावायचं की ७९२?

इथे शाळेतला नवाचा ताळा कामाला येतो. आपल्याकडच्या मीडियम वेव्ह स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं आहे आणि स्टेशनांचे आकडे नऊच्या पटीत येतात. ७, ९, २ यांची बेरीज १८, म्हणजे भाग जातो. मुंबईचं १०४४ : बेरीज ९. नागपूरचं १५६६ : बेरीज १८. तेव्हा मीटरवरून आलेलं उत्तर जवळच्या नऊच्या पटीला नेऊन ठेवा, ७९१.५६ म्हणजे ७९२. फक्त एक लक्षात ठेवा : ही व्यवस्था २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. त्याआधी छापलेल्या आकड्यांवर हा ताळा चालेलच असं नाही, तेव्हा आसपास थोडं सुई फिरवून पाहावं लागतं. आणखी जुन्या कागदांवर ‘किलोसायकल’ दिसेल. ते आणि किलोहर्ट्झ एकच, नाव तेवढं बदललं.

शॉर्टवेव्हला मीटर हे स्टेशनचं नाव नसून मोहल्ल्याचं नाव आहे. ‘३१ मीटर’ म्हणजे ९,४०० ते ९,९०० किलोहर्ट्झचा पट्टा. भागून पाहिलं तर ३१.९ पासून ३०.३ मीटरपर्यंत पसरलेला. ‘२५ मीटर’ म्हणजे ११,६०० ते १२,१००. ‘४१ मीटर’ म्हणजे ७,२०० ते ७,४५०. घराचा नंबर हवा तर किलोहर्ट्झच पाहिजे, कारण या पट्ट्यांवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवतात. १६ मीटर पट्ट्यावर हे ५ किलोहर्ट्झ म्हणजे लहरीच्या लांबीत जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक, सुताराच्या भाषेत दीड सूत. ‘१६ मीटर, ९६ सेंटिमीटर आणि दीड सूत’ असं कोणता निवेदक सांगणार? मीटर मागे पडले आणि किलोहर्ट्झ टिकले त्याचं एक मोठं कारण हे.

सूत, वीत, हात, कोस

मला स्वतःला हा सगळा पसारा आपल्या जुन्या मापांत बसवून ठेवायची खोड आहे. अचूकतेसाठी नाही, अंदाज चुकला तर लगेच खटकावा म्हणून.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. पाण्याखालच्या पाणबुड्यांशी तिथून बोलतात. तिथली १८.२ किलोहर्ट्झची लहर साडेसोळा किलोमीटर लांब, म्हणजे पाच कोस. इतकी लांब लहरच खाऱ्या पाण्यात थोडीफार शिरते, आखूड लहर पृष्ठभागापाशीच मरते. मीडियम वेव्ह म्हणजे दोन-पाचशे मीटर, गावातल्या एखाद्या आळीएवढी. एफएम तीन मीटर, म्हणजे दोन्ही हात पसरून पावणेदोन वाव. ७०० मेगाहर्ट्झवर चालणारा मोबाइल ४३ सेंटिमीटर, हातभर. जीपीएसची १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर १९ सेंटिमीटर, वीतभराला थोडी कमी. वायफायची २.४ गिगाहर्ट्झवाली साडेबारा सेंटिमीटर, अर्धी वीत. घरावरच्या डीटीएच छत्रीत येते ती १२ गिगाहर्ट्झच्या आसपासची, बरोब्बर एक इंच. आणि जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात ज्या लहरींशी खेळत होते त्यांतल्या सर्वांत आखूड ५ मिलिमीटरच्या होत्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झ. पुन्हा दीड सूत.

या लांबीचा एक उपयोग जाळीत दिसतो. लहरीला तिच्यापेक्षा बऱ्याच लहान भोकांची धातूची जाळी सलग पत्र्यासारखीच भासते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्याही पत्र्याच्या नव्हेत, बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीच्या. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे परवडलं, कारण तिथे ऐकायच्या लहरी दोन मीटरपासून २१ सेंटिमीटरपर्यंतच्या आहेत. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची ती प्रसिद्ध लहर वीतभर लांब, आणि जाळीची भोकं १ ते २ सेंटिमीटरची. लहर त्यातून निसटत नाही, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. हीच डिश मिलिमीटरच्या लहरींसाठी वापरायला गेलात तर ती चाळणी ठरेल. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दारात बारीक भोकांचा पत्रा असतो त्याच्यामागेही हाच हिशोब : सव्वाबारा सेंटिमीटरची लहर आतच राहते आणि आतली वाटी बाहेरून दिसते.

तार कापायची वेळ

बहुतेकांना हे गणित लागतं ते अँटेनासाठी. सर्वांत साधी म्हणजे अर्ध्या लहरीची डायपोल : मधे केबल, दोन्हीकडे सारखी तार. अर्धी लहर म्हणजे १५० भागिले मेगाहर्ट्झ. पण तार हवेत टांगली की टोकांच्या परिणामामुळे ती विजेच्या हिशोबाने स्वतःच्या मापापेक्षा लांब वागते, म्हणून सुमारे ५ टक्के कमी धरतात : १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. अमेरिकन पद्धतीच्या लिखाणात ४६८ हा आकडा भेटेल. तो फुटांचा आहे. दीडशे मीटरचे ४९२ फूट, त्यातून ५ टक्के गेले की ४६८. सूत्र एकच, पण इकडचा आकडा आणि तिकडचं माप अशी सरमिसळ केलीत की तार तिपटीने चुकते. टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, तेव्हा कापण्याआधी कागदावर आकड्यापुढे ‘मीटर’ की ‘फूट’ ते लिहाच. हा सल्ला पोरकट वाटेल. वाटू दे.

सुरुवात एफएमपासून करा, चूक झाली तरी तार दीड मीटरच वाया जाते. ९८ मेगाहर्ट्झ धरून १४३ भागिले ९८ म्हणजे १.४६ मीटर, एक बाजू ७३ सेंटिमीटर. दोन तुकडे, मधे एक इंचाचा प्लास्टिकचा तुकडा, केबलचा गाभा एका तारेला आणि जाळी दुसरीला. खिडकीच्या चौकटीला उभी आणि मग आडवी लावून पाहा, जे बरं ऐकू येईल ते ठेवा. ट्रान्झिस्टरची खेचायची दांडीही साधारण याच मापाची का असते ते आता कळेल. ती पाव लहर आहे.

शॉर्टवेव्हसाठी तार लांब लागते आणि खरी परीक्षा तिथेच. हॅम, म्हणजे हौसेखातर रेडिओवर बोलणाऱ्या मंडळींचा ४० मीटर पट्टा आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. मधला ७.१ घेतला तर १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, एक बाजू १०.०७. ऐकायला काही लागत नाही, पण त्यावर बोलायचं असेल तर आधी परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखनाव, घ्यावं लागतं.

माझी पहिली डायपोल मी अगदी मापात कापली होती. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार आणली, गच्चीवर टेप पसरला, १० मीटर ७ सेंटिमीटरवर खूण केली आणि पक्कड चालवली. मग टोकाला चिनी मातीचा इन्सुलेटर बांधायला तार ३० सेंटिमीटर मागे वळवली आणि तिच्यावरच पीळ देऊन गुंडाळली. दोन्हीकडे तसंच. वर चढवून एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे पाठवलेल्यातलं किती परत फिरतं ते दाखवणारं यंत्र) लावला तर सुई ७.३ च्या पुढे कुठेतरी खाली बसत होती, पट्ट्याच्या पार बाहेर. मागे वळवून पिळलेली तार लांबीत धरली जात नाही हे तेव्हा कळलं. माझी बाजू १०.०७ नव्हती, ९.७७ होती. कापलेली तार वाढवता येत नाही. येते, पण जोड देऊन, आणि पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो. दुसऱ्या पावसात तो तुटलाच.

तेव्हापासूनची रीत अशी. बाजूला अर्धा मीटर जादा ठेवून कापायचं, म्हणजे १०.६ मीटर. टोकाला २० सेंटिमीटर वळवण्यात जातात, धरायची लांबी १०.४, दोन्ही मिळून २०.८. आता तार तिच्या कायमच्या उंचीवर चढवायची. जमिनीजवळ मोजलेला आकडा वर गेल्यावर बदलतो. ज्या फ्रिक्वेन्सीवर एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी दिसेल ती लिहून घ्यायची. समजा ६.८७ आली. मग नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले आलेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी असलेली : २०.८ गुणिले ६.८७ भागिले ७.१, उत्तर २०.१३ मीटर. कमी करायचे ६७ सेंटिमीटर, एका बाजूला साडेतेहतीस. तेही एकदम कापू नका. मागे वळवून पिळा, पुन्हा मोजा, आणि आकडा बसला की मगच पक्कड घ्या. प्लास्टिकचं आवरण असलेली तार उघड्या तारेपेक्षा दोन-चार टक्के आखूड लागते, तोही फरक या रीतीत आपोआप निघून जातो. म्हणून मी सूत्राच्या आकड्यावर फार वाद घालत नाही. १४३ म्हणा की १४१, शेवटचा शब्द गच्चीवरच्या मीटरचा.

जाता जाता, त्या टेपबद्दल. १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी आहे की प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो ते अंतर. आणि सेकंद मोजतात सिझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर. या कंपनांची लहर ३.२६ सेंटिमीटरची, म्हणजे रेडिओचीच मायक्रोवेव्ह. आपण लहर टेपने मोजतो खरी, पण तो टेप मुळात लहरीवरून आखलेला आहे.

केबलमधली लहर आखूड असते

फ्रिक्वेन्सी स्टेशनवर ठरते आणि वाटेत बदलत नाही. लांबी बदलते. केबलच्या आतल्या प्लास्टिकमध्ये लहर हळू चालते, म्हणून तिथे ती आखूड होते. नेहमीच्या आरजी-५८ केबलमध्ये वेग हवेतल्याच्या ०.६६ पट. फोमच्या केबलींमध्ये तो ०.८ च्या पुढे असतो, उत्पादकाच्या माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो. त्या आकड्याने हवेतली लांबी गुणायची, बस्स.

याचा एक घरगुती उपयोग आहे. जवळच्या मनोऱ्यामुळे एखादं एफएम स्टेशन इतकं धडधडत येतं की लांबची स्टेशनं दबून जातात. अँटेनाच्या केबलला टी-जोड लावून त्यावर पाव लहरीचा केबलचा तुकडा, शेवट उघडा, लटकवायचा. तो त्या फ्रिक्वेन्सीला जोडाच्या जागी जवळजवळ शॉर्ट करतो. ९८.३ साठी पाव लहर ७५ भागिले ९८.३, म्हणजे ७६.३ सेंटिमीटर, गुणिले ०.६६ म्हणजे ५०.४. तुकडा ५५ चा घ्या आणि नखाएवढा नखाएवढा कापत या, स्टेशन सगळ्यात क्षीण झालं की थांबा. टोकाला जाळी गाभ्याला टेकलेली नाही ना ते पाहा. शेजारची स्टेशनंही थोडी बसतात, तेवढी किंमत द्यावी लागते.

पापडावर मोजलेली लहर

मीटर नाही, गच्ची नाही, तरी लहर मोजायची असेल तर स्वयंपाकघरात चला. मायक्रोवेव्हमधली फिरती काच काढा, मधल्या खुंटीवर एक लहान काचेची वाटी पालथी घाला म्हणजे वरची ताटली फिरणार नाही. ताटलीत कच्चे उडदाचे पापड एकमेकांना लावून पसरा, एकच मोठा असेल तर उत्तम. वीस-पंचवीस सेकंद पुरे, आणि ओव्हन रिकामा कधीच चालवू नका. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही. काही ठिकाणी पांढरे फुगलेले डाग, मधे पिवळट कच्चे पट्टे. उभ्या राहिलेल्या लहरीच्या जोरकस जागा त्या डागांनी दाखवल्या, आणि दोन लागोपाठच्या जागांमधलं अंतर साधारण अर्धी लहर.

आमच्याकडे ते सहा सेंटिमीटरच्या आसपास आलं. कधी साडेपाच, कधी सात, कारण डब्याच्या आत लहरी तिन्ही बाजूंनी आपटतात आणि नक्षी सरळ रेषेत येत नाही. चार-पाच जोड्या मोजून सरासरी घ्या. दुप्पट केली की बारा सेंटिमीटर. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ छापलेलं असतं, ०.१२ गुणिले २४५० म्हणजे २९४. तीनशेला सहा कमी. पट्टीने मोजून एवढं जवळ आलात तर पुरे. उरलेले कच्चे पट्टे ताटली अर्धी फिरवून भाजून घ्या, आमच्याकडे ते वरणभाताबरोबर संपले.